रिकिबीचा शोध कुणी लावला?

दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभं राहून माझ्या भाच्याने ‘जगातील महत्त्वाचे शोध’ या विषयावरची ऑनलाईन प्रश्नमंजूषा सोडवली. तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चाळीस टक्क्यांच्या वर गुण मिळाले की ई-प्रमाणपत्र. लिंक कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून फिरत आली होती आणि रात्री बारापर्यंतच चालू राहणार होती. त्यामुळे घोडे थांबले, जिलेबी थांबली. भाचा आठवीत आहे. त्याचा अंगठा भराभर चालत होता. टेलिफोन? बेल. विजेचा दिवा? एडिसन. वाफेचं इंजिन? वॉट. शून्य? आर्यभट. आठ मिनिटांत तीसपैकी सव्वीस. दोन मिनिटांनी सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र आलं. आडनावातली एक वेलांटी चुकली होती, पण ‘उल्लेखनीय यश’ हे शब्द शुद्ध होते.

आम्ही उभे होतो ते घोड्याच्या साजाच्या दुकानासमोर. लगामा, खोगिरं, रंगीत गोंडे, घुंगरांच्या माळा आणि एका दोरीला ओळीने टांगलेल्या रिकिबी. घोड्यावर बसल्यावर पाय ठेवायला जी कडी असते, ती रिकीब. एक हातात घेऊन मी भाच्याला विचारलं, “आता सांग, हिचा शोध कुणी लावला?”

त्याने फोनवर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एका ठिकाणी भारत होता, एका ठिकाणी चीन, एका ठिकाणी मध्य आशियातल्या भटक्या टोळ्या. नाव मात्र कुठेच नव्हतं. शेवटी फोन खिशात टाकत तो म्हणाला, “मामा, याला नावच नाही. म्हणजे हे परीक्षेत येणार नाही.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे शिकवलं गेलं, त्यातून त्याने बरोबर निष्कर्ष काढला होता: ज्याला नाव नाही तो शोध नाही. माझं भांडण आहे ते या शिकवणीशी, आणि ती घरोघरी पोचवणाऱ्या या प्रश्नमंजूषांशी.

टाळेबंदीच्या काळात अशा ऑनलाईन प्रश्नमंजूषांचं पीक आलं. विज्ञान दिन, शिक्षक दिन, जयंती, पुण्यतिथी. निमित्त कुठलंही असो, गुगल फॉर्म तयार. त्यातले शोधांवरचे प्रश्न कुठून येतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात मागच्या बाजूला एक तक्ता असतो. डावीकडे ‘शोध’, उजवीकडे ‘संशोधक’. पुस्तक जरा जाड असेल तर आणखी दोन रकाने, ‘देश’ आणि ‘वर्ष’. मीही तो तक्ता पाठ केला आहे, तुम्हीही केला असेल. प्रश्न काढणारा डावा रकाना विचारतो, सोडवणारा उजवा रकाना सांगतो. यालाच शोधांचा इतिहास म्हणायचं असं ठरून गेलं आहे.

हे प्रश्न सोपे असतात किंवा मुलं उत्तरं गुगलवरून उतरवतात, ही माझी तक्रार नाही. तक्रार ही की नक्कल न करता, प्रामाणिकपणे, तीसपैकी तीस मिळवणारा मुलगासुद्धा एक खोटी गोष्ट शिकून उठतो.

टेलिफोनपासूनच सुरुवात करू. अलेक्झांडर ग्रॅहम बेलला अमेरिकेत पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ रोजी. त्याचा अर्ज गेला होता १४ फेब्रुवारीला. त्याच दिवशी, त्याच कार्यालयात, एलिशा ग्रे नावाच्या दुसऱ्या माणसाच्या वतीनेही तशाच यंत्राची नोंद दाखल झाली. आधी कुणाचा कागद पोचला यावर आजही वाद आहे. या दोघांच्याही पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या अंतोनिओ मेउच्ची या इटालियन माणसाने आपल्या ‘बोलत्या तारे’ची प्राथमिक नोंद केली होती. पुढे त्या नोंदीचं नूतनीकरण तो करू शकला नाही. तो गरीब होता. २००२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मेउच्चीच्या कामाचा गौरव करणारा ठराव केला. त्यानंतर काही दिवसांतच कॅनडाच्या संसदेने बेलच्या बाजूने ठराव केला, कारण बेल काही काळ कॅनडात राहिला होता. दोन देशांच्या संसदा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्रश्नाच्या उत्तरावर हात वर करत होत्या. आमच्या प्रश्नमंजूषेत मात्र हा एका गुणाचा प्रश्न आहे.

दिव्याचंही तेच. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत एडिसन एकाच सुमारास कार्बनच्या तंतूचा दिवा पेटवत होते. शेवटी १८८३ मध्ये इंग्लंडात दोघांची मिळून एक कंपनी झाली आणि तिचे दिवे ‘एडिस्वान’ नावाने विकले गेले. कंपनीच्या नावात दोघं मावले, आपल्या तक्त्यात दुसऱ्याला जागा झाली नाही. लुईस लॅटिमर तर दूरच राहिला. गुलामीतून पळून आलेल्या आईबापांचा हा मुलगा. कार्बनचे तंतू बनवण्याची सुधारलेली पद्धत त्याने काढली आणि १८८२ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

वाफेच्या इंजिनाची गोष्ट तर मुलांना आवडेल अशी आहे, आणि नेमकी तीच सांगितली जात नाही. किटलीचं झाकण उडताना पाहून वॉटला इंजिन सुचलं, ही भाकडकथा सांगितली जाते. प्रत्यक्षात थॉमस न्यूकॉमेनचं इंजिन १७१२ पासून इंग्लंडमध्ये खाणींतलं पाणी उपसत होतं. वॉटचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. पन्नास वर्षांनी ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकॉमेनच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल बिघडलं आणि ते वॉटकडे दुरुस्तीला आलं. दुरुस्त करताना त्याच्या लक्षात आलं की हे यंत्र वाफ फार वाया घालवतं. एकच नळकांडं प्रत्येक फेरीला तापवायचं आणि पुन्हा थंड करायचं, यात बरंचसं इंधन फुकट जातं. मग वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं तर? हे वॉटचं खरं काम आणि १७६९ चं त्याचं पेटंट त्याचंच आहे. म्हणजे वॉट हा मुळात दुरुस्ती करणारा माणूस. शहाद्याच्या स्टँडजवळ मोटर रिवाइंडिंग करणारा जसा असतो, तसा. बिघडलेली वस्तू समोर आली आणि ती ‘का बिघडते’ यावर तो अडून बसला. हे आठवीतल्या मुलाला कळलं तर तो गॅरेजमधल्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघेल. पण त्याला सांगितलं जातं: वाफेचं इंजिन – जेम्स वॉट. पुढचा प्रश्न.

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, नावं दुरुस्त करा. वॉटच्या जागी न्यूकॉमेन घाला, बेलच्या जागी मेउच्ची. त्याने काही होणार नाही. तक्त्यातलं नाव बदलून तक्ता खरा होत नाही. ‘प्रत्येक शोधाचा एक मालक असतो’ हे त्याचं गृहीतकच चुकीचं आहे.

खरं तर आपली भाषा या तक्त्याहून शहाणी आहे. मराठीत ‘शोध’ या एकाच शब्दाला तीन क्रियापदं जोडता येतात. शोध लावला, शोध लागला, शोध घेतला. ‘लावला’ म्हटलं की कुणी लावला ते सांगावं लागतं. ‘लागला’ म्हटलं की कुणी ते सांगायची सक्ती उरत नाही. बऱ्याच माणसांच्या धडपडीतून, कधी अपघाताने, ती गोष्ट लागलेली असते. आणि ‘घेतला’ म्हटलं की पुढे काय सापडेल हे अजून ठरलेलंच नसतं. शोधांच्या इतिहासातला सर्वांत मोठा भाग ‘घेतला’चा असतो, त्याहून थोडा ‘लागला’चा आणि अगदी शेवटी, कागदपत्रं करताना, ‘लावला’ येतो. प्रश्नमंजूषेला तेवढाच शेवटचा दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, बेल की मेउच्ची याने सारंगखेड्याच्या पोराला काय फरक पडतो? परदेशातली भांडणं आहेत, त्यांची ती बघून घेतील. फरक पडतो, कारण नाव आणि वस्तू यांची जोडी पुराव्याशिवाय गिळण्याची ही सवय आपल्याला घरात महागात पडते.

शून्याचं घ्या. ‘शून्याचा शोध आर्यभटाने लावला’ हे वाक्य आपण बालवाडीपासून ऐकतो. आर्यभट फार मोठा गणिती होता, यात शंका नाही. पण इ.स. ४९९ च्या त्याच्या ग्रंथात संख्या लिहिण्यासाठी अक्षरांची पद्धत आहे. स्थानानुसार किंमत दहापट होते हा विचार आहे, पण शून्याचं चिन्ह नाही. शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसा करायचा याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिले. शून्याला शून्याने भागलं तर शून्यच येतं असंही त्याने लिहिलं, आणि ते आज आपण मानत नाही. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा शिलालेख आहे, त्यात २७० हा आकडा आजच्यासारख्या गोल शून्यासह कोरलेला आहे. म्हणजे या देशात शून्यावर काही शतकं काम चाललं. अनेकांनी केलं. त्यात थोर माणसं चुकलीसुद्धा. अभिमान बाळगायचा तर ही गोष्ट कितीतरी अभिमानाची आहे. आपण तिची एका ओळीत वासलात लावली, आणि ती ओळही बरोबर नाही.

याहून वाईट प्रकार विमानाचा. ‘विमानाचा शोध राईट बंधूंनी नव्हे तर शिवकर बापूजी तळपदे यांनी लावला’ हा मजकूर तुमच्या फोनवर एकदा तरी आला असेल. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनी माणसाविना विमान उडवलं, असं सांगितलं जातं. या विषयावर २०१५ मध्ये हिंदी चित्रपट आला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला विश्वासार्ह पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार दिला जातो, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मला तळपद्यांची थट्टा करायची नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत एक माणूस उडण्याच्या यंत्राचा ध्यास घेतो, ही साधी गोष्ट नाही. त्याने काय करून पाहिलं, कुठे अडला, हे नीट शोधलं गेलं असतं तर आपल्या हाती खरी माहिती लागली असती. पण आपल्याला त्याची धडपड नको होती. आपल्याला त्याचं नाव उजव्या रकान्यात हवं होतं.

आणि ते इतक्या सहज का बसतं? कारण राईट बंधूंचं नावही आपण तसंच, काही न विचारता, पाठ केलं होतं. १७ डिसेंबर १९०३ आधी त्यांनी वाऱ्याचा बोगदा बनवून पंखांचे आकार कसे तपासले, हवेत वळायचं कसं हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला, त्यांची उड्डाणं कुणी पाहिली, फोटो कुणी काढला, हे आपल्याला कधी सांगितलंच नाही. ज्याने ‘राईट बंधू’ पुराव्याशिवाय घेतले, तो ‘तळपदे’ही पुराव्याशिवाय घेणार. खोट्या फॉरवर्डवर चिडणारे शिक्षक स्वतः जेव्हा नाव आणि शोधाच्या जोड्या लावायला लावतात, तेव्हा त्या फॉरवर्डसाठी जमीन तेच नांगरून ठेवत असतात.

रिकिबीकडे परत येतो, कारण तिचा प्रश्न मी अर्धवट सोडला. सांचीसारख्या ठिकाणच्या जुन्या शिल्पांत घोडेस्वाराच्या पायाचा अंगठा अडकेल एवढा दोरीचा किंवा चामड्याचा फास दिसतो, असं अभ्यासक सांगतात. तो काळ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. अंगठ्यापुरताच का? कारण इथे ऊन. माणूस अनवाणी घोड्यावर बसे. थंड प्रदेशात पायात जाड बूट, तिथे अंगठा कसा अडकणार? तिथे अख्खा पाय मावेल अशी कडी लागते. चीनमध्ये चांगशा इथल्या एका थडग्यात, इ.स. ३०२ च्या मातीच्या घोडेस्वारांना, रिकीब एकाच बाजूला आहे. ती आखूडही आहे. म्हणजे ती फक्त वर चढण्यापुरती असावी. पुढच्या काही दशकांत दोन्ही बाजूंना रिकिबी दिसू लागतात. चढायला केलेली वस्तू बसल्यावरही पायाखाली ठेवली तर तोल सावरतो, दोन्ही हात मोकळे राहतात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. सहाव्या शतकाच्या अखेरीस ती बायझंटाइन साम्राज्याच्या लष्करी ग्रंथात पोचली. तिथवर ती मध्य आशियातून आलेल्या अवार टोळ्यांबरोबर गेली, असं मानलं जातं.

या सगळ्या प्रवासात एकही नाव नाही. चांभार, लोहार, स्वार, घोडे राखणारे, ज्यांच्या सह्या कुठेच नाहीत अशी माणसं. तरीही यात अडचण आहे, उपाय आहे, हवामान आहे, व्यापार आहे, युद्ध आहे. मुलाला विचार करायला लागेल असं सगळं आहे. नाव नसल्यामुळे हा इतिहास प्रश्नमंजूषेतून बाद.

मग बाद झालेल्यांची यादी करा. नांगर, चाक, मोट, जातं, नाल, सुई, होडी, मातीचं मडकं. सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला असलेली निम्मीअधिक अवजारं. तापीकाठच्या शेतकऱ्याच्या मुलाला आपण सांगतो की तुझ्या घरात जे आहे त्यातलं काहीच शोध नाही, शोध दूर कुठेतरी कोट घातलेल्या माणसांनी लावले. आणि मग त्याला प्रमाणपत्र देतो.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणं देतो, कारण तक्त्याला ती कशी झेपत नाहीत ते बघण्यासारखं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडी नांगराचा शोध त्यांनी लावला का? नाही. तो परदेशात होताच. पण इथल्या जमिनीत, इथल्या बैलांच्या ताकदीला जमेल असा नांगर करणं हे काम बाकी होतं. नांगर झाला तरी शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते, विष होते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. यात ‘शोध’ नेमका कुठे आहे? ओतकामात, दुरुस्तीत, की शेतकऱ्याचा अविश्वास ओलांडण्यात? माझ्या मते तिन्हीत आहे. तक्त्यात मात्र शून्य गुण, कारण ‘पहिला’ कुणी दुसराच होता.

दुसरं उदाहरण दादाजी खोब्रागडे यांचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमाराला धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशा किती तरी हंगामांनंतर बारीक दाण्याचं, चवीला चांगलं, भरघोस धान हाती आलं. तेव्हा घराघरांत लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. तो तांदूळ तुम्ही खाल्ला असेल. पुढे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण आणलं. आमच्या बियाण्याचं श्रेय आम्हाला मिळालं नाही, असं खोब्रागडे सांगत राहिले. आपण त्या वाणाचं शुद्धीकरण करून ते सुधारलं, ही विद्यापीठाची बाजू. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान केला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा उपचारालाही पैशांची चणचण होती.

पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा आपला २००१ चा कायदा शेतकऱ्यालाही वाण तयार करणारा म्हणून मान्यता देतो. कायद्याला जे कळलं ते प्रश्नमंजूषेला कळत नाही. ‘शोध’ म्हणजे प्रयोगशाळा, पेटंट आणि पाश्चात्त्य नाव, हे ज्यांच्या डोक्यात लहानपणी पक्कं बसवलं गेलं, ती मुलं मोठी होऊन अधिकारी होतात. बियाण्याची पुडी घेऊन दारात आलेला तिसरी शिकलेला म्हातारा त्यांना संशोधक कसा वाटणार? इथे प्रश्न फक्त पुस्तकी राहत नाही. कुणाचं काम मोजायचं आणि कुणाचं नाही, हे त्या तक्त्यावरून ठरू लागतं.

आमच्या शहादा तालुक्याला तर या प्रकाराचा थेट अनुभव आहे. ‘देशातील पहिले आधार कार्ड कुठे देण्यात आले?’ हा स्पर्धा परीक्षेतला लाडका प्रश्न. उत्तर: टेंभली, जिल्हा नंदुरबार. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान स्वतः आले होते. त्या दिवसापासून आमचा तालुका सामान्यज्ञानात आहे. पण त्यानंतर त्या गावाचं काय झालं, कार्डाने तिथल्या माणसांना काय दिलं, काय दिलं नाही, हा प्रश्न कुठल्याही पेपरात येत नाही. जे गाव उत्तर म्हणून पाठ केलं जातं, त्याच्याविषयी कुणाला काही विचारावंसं वाटत नाही.

आता प्रश्नमंजूषेच्या बाजूने जे बोललं जातं तेही बघू. पहिलं म्हणणं: यातून गोडी लागते. हे अगदी खोटं नाही. माझीही सुरुवात अशाच पाठ केलेल्या नावांनी झाली. नाव ही खुंटी असते, तिच्यावर पुढे काही टांगता येतं. पण खुंट्याच ठोकत राहिलो आणि टांगलं काहीच नाही, तर भिंतीला भोकं पडण्यापलीकडे काय होणार? मराठीत याला छान शब्द आहे, खोगीरभरती. खोगीर फुगवायला आत चिंध्या, पेंढा काहीही कोंबायचं. बाहेरून भरदार दिसतं.

दुसरं म्हणणं: स्पर्धा परीक्षेत हेच विचारतात, मुलांनी काय करावं? एका ओळीच्या प्रश्नासाठी एक ओळ पाठ करा, मी अडवत नाही. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षासुद्धा आता वर्णनात्मक पद्धतीकडे वळली आहे. तिथे ‘कुणी’पेक्षा ‘का’ आणि ‘कसं’ जास्त लागणार. तक्त्यावर वाढलेली मुलं तिथे काय लिहिणार?

तिसरं म्हणणं मला सर्वांत जास्त खटकतं: लहान मुलांना एवढं गुंतागुंतीचं कशाला सांगायचं? ज्या मुलाला मोबाईल गेममधले तीस शस्त्रांचे बारकावे तोंडपाठ आहेत, त्याला वॉटच्या बिघडलेल्या मॉडेलची गोष्ट कळणार नाही, असं समजणं हा त्याचा अपमान आहे. गुंतागुंत मुलांना जड जात नाही. ती प्रश्न काढणाऱ्याला जड जाते, कारण त्याला त्यासाठी वाचावं लागतं. तक्ता उतरवायला वाचावं लागत नाही.

मी प्रश्नमंजूषा बंद करा म्हणत नाही. चार पर्यायांचीच ठेवा, फोनवरच ठेवा, हवं तर प्रमाणपत्रही द्या. फक्त प्रश्न बदला. उष्ण प्रदेशात रिकीब अंगठ्यापुरती का होती? वॉटने न्यूकॉमेनच्या इंजिनात कोणता दोष पाहिला? शेतकऱ्यांनी लोखंडी नांगर आधी का नाकारला? १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडालं असं मानायचं तर खालीलपैकी कोणता पुरावा सर्वांत भक्कम ठरेल: नातवाने सांगितलेली आठवण, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, चित्रपट, की फॉरवर्ड? आणि शेवटचा प्रश्न पर्यायांशिवाय: तुमच्या घरातली किंवा शेतातली अशी एक वस्तू सांगा, जी कुणीतरी स्वतः बदलून घेतली आहे. काय अडत होतं म्हणून बदलली?

या शेवटच्या प्रश्नावर तर देशात एक मोठं काम उभं राहिलं आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक राहिलेले अनिल गुप्ता आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून गावोगाव पायी ‘शोधयात्रा’ काढतात. शेतकऱ्यांनी, कारागिरांनी, बायकांनी आपापल्या अडचणीवर काय उपाय काढले ते बघतात, नोंदवतात, नावासकट नोंदवतात. सारंगखेड्याला यात्रा आयती भरते. घोडे, बैल, अवजारं, साज, ते बनवणारे आणि वापरणारे हजारो लोक एका जागी येतात. आसपासच्या शाळांनी मुलांच्या हातात लिंकऐवजी वही देऊन एक दिवस त्यांना बाजारात सोडलं, तर शोधांच्या इतिहासाचा याहून चांगला तास कुठे मिळणार?

त्या दिवशी आम्ही पुढे नालबंदाकडे गेलो. तो एका घोडीच्या पायाला नाल ठोकत होता. भाचा आधी लांब उभा राहिला, मग जवळ सरकला आणि त्याने विचारलं, “काका, खिळा ठोकताना तिला दुखत नाही का?” नालबंदाने मान वर न करता सांगितलं, खुराची बाहेरची कड आपल्या नखासारखी असते, तिथे दुखत नाही, पण खिळा जरा आत गेला तर घोडं लंगडतं, म्हणून तो तिरका, बाहेर निघेल असा ठोकायचा. त्याने टोक बाहेर आलेलं दाखवलं, मोडून वळवलं, कानशीने घासलं.

“हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल?” भाच्याने विचारलं.

“ज्याचं घोडं लंगडलं असेल त्याच्या,” नालबंद म्हणाला आणि त्याने दुसरा पाय उचलला.

भाचा तिथे अर्धा तास बसला. रात्री त्याने प्रमाणपत्र फॅमिली ग्रुपवर टाकलं, त्यावर सतरा अंगठे आले. नालबंदाचं कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्याचे गुण मिळत नाहीत हे त्याला माहीत आहे. पुढच्या दत्तजयंतीला कुणी पुन्हा शोधांवर प्रश्नमंजूषा काढणार असेल, तर त्यांनी फॉर्म बनवण्याआधी एकदा त्या बाजारातून चालत जावं.